कापसाचा ढीग वेगळा लावा

प्रति,
मा. पणन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



शेतीविषयीचं पत्र कृषिमंत्र्यांना लिहायचं सोडून आपल्याला का लिहिलं, असं आपल्या कार्यालयात कुणी तरी विचारील. कापूस कसा पिकवावा हे सांगणारे आता पुष्कळ झाले आहेत. विद्यापीठं सांगतात, कृषी सहायक सांगतात, संस्था सांगतात, कापड कंपन्यांचे प्रकल्प सांगतात. पिकलेला कापूस पुढे कुठल्या ढिगावर पडतो हे मात्र कुणी बघत नाही. ते बघण्याचं काम आपल्या खात्याचं आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे.

मी राहते वेल्हे तालुक्यात. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. नाव आम्हाला आवडलं, पण तोंडात अजून वेल्हेच येतं. पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला आत वळून नसरापूर मागे टाकलं की मार्गासनी, विंझर, मग वेल्हे. डाव्या हाताला राजगड, पुढे तोरणा, आणि पावसाळ्यात दोन्ही अंगांना पाण्यानं भरलेली खाचरं. भोरचा पश्चिम भाग घ्या नाही तर आमचा वेल्हे, हा भाताचा मुलूख. इथं कापूस दिसतो तो देवघरातल्या वातींत, नाही तर गादीवाल्याकडे. तरी मी कापसावर लिहिते आहे, कारण माझं माहेर वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या बाजूला. तिथं माझा भाऊ अजून कापूस लावतो. वर्षाचे अकरा महिने मी भाताचा हिशेब बघते आणि बारावा महिना कापसाचा ऐकते. दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले तेव्हा जे दिसलं, ते आपल्याला सांगायचं आहे.

आमच्या सासरी इंद्रायणी लावतात. हे वाण १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलं आणि मावळपट्टीतल्या खाचरांत पसरलं. भात झोडून, वाळवून गिरणीत नेलं की संध्याकाळी तांदूळ घरात येतो. त्यातला खायला ठेवून उरलेला पोत्यांत भरून पुण्याला जातो, बराचसा ओळखीच्या घरी. धनकवडीच्या एखाद्या काकू दिवाळी झाली की स्वतः फोन करतात, यंदा पोतं कधी पाठवताय म्हणून. चारसूत्री पद्धतीनं लावणी केली, गिरिपुष्पाचा पाला चिखलात घातला, युरिया कमी टाकला, तर ते त्या काकूंना सांगता येतं आणि किलोमागे दोन रुपये जास्त मागता येतात. दर वेळी मिळतात असं नाही, पण मागायला समोर माणूस असतो. बाजारात इंद्रायणीच्या नावाखाली काय काय खपतं ही वेगळी तक्रार आहे. तीही आपल्याच खात्याची, पण आज बाजूला ठेवते.

कापसाला ही सोय नाही. दादा कापूस खाऊ शकत नाही, गावच्या गिरणीत कांडून आणू शकत नाही, कोथरूडच्या घरी पोतं पोचवू शकत नाही. बोंड फुटल्यापासून अंगात सदरा येईपर्यंत मध्ये जिनिंग आहे, प्रेसिंग आहे, सूतगिरणी, माग, रंगाई, शिलाई, दुकान. शेतकऱ्याचा संबंध त्यातल्या पहिल्याच दारात तुटतो. भातवाल्यानं चांगलं काम केलं तर त्याचं गिऱ्हाईक ते ओळखतं. कापूसवाल्यानं केलं तर ते ओळखायची व्यवस्था सरकारला किंवा बाजाराला मुद्दाम उभी करावी लागते. ती उभी नाही. एवढंच माझं म्हणणं, आणि बाकीचं पत्र त्याचा खुलासा.

दादानं काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या शाश्वत कापूस प्रकल्पात नाव घातलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नाही. नाव घातल्यावर एक नोंदवही मिळाली. पेरणी कधी, पाकीट कुठलं, खत किती, औषध कुठलं, फवारलं कुणी, तेव्हा तोंडाला काय बांधलं होतं, रिकामी बाटली कुठे टाकली, सगळं त्यात लिहायचं. शेतात कामगंध सापळे टांगले. सकाळी चहा घेतला की दादा सापळ्यांच्या पिशव्या बघायला जातो आणि गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजतो. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, तरच फवारणीचा विचार करायचा. त्याआधी फवारणी कधी करायची हे शेजाऱ्याच्या पाठीवरचा पंप बघून ठरायचं आणि कुठलं औषध मारायचं हे कृषी सेवा केंद्रातला माणूस ठरवायचा. आता निंबोळी अर्क आधी, जीवामृताचं पिंप गोठ्याशी, कापसाच्या ओळींत तुरीचे पट्टे, बांधाला चवळी. हे सगळं फुकट होतं असं समजू नका. निंबोळ्या वेचायला, वाळवायला, कुटायला माणूस लागतो आणि तो माणूस बहुतेक घरातली बाई असते. पण दुकानाचं बिल कमी झालं, हे वहिनीही कबूल करते, आणि वहिनी सहजासहजी काही कबूल करणाऱ्यांतली नाही.

या वळणावर माझ्या माहेरचा भाग हौसेनं आला नाही. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीची कटकट गेली असं सगळे म्हणत होते. २००६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं तीही पचवल्याचं विदर्भ-मराठवाड्यानं उभ्या शेतांत पाहिलं: बाहेरून बोंड धडधाकट, फोडलं तर आत किडलेली सरकी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. यवतमाळ आम्हाला लागूनचा जिल्हा. त्या दिवसांत घरोघरी बायका नवऱ्याला पंपाला हात लावू देत नव्हत्या. कमी औषधात कापूस घेता आला पाहिजे, ही गरज कुठल्या परदेशी कंपनीच्या जाहिरातीतून आलेली नाही. ती त्या वर्षीच्या सरकारी दवाखान्यांतून आली.

पण हे एकट्यानं जमत नाही. फरदडीचं, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही शेतात राखलेल्या कापसाचं, उदाहरण घ्या. डिसेंबर-जानेवारीत पीक संपवून पऱ्हाटी उपटावी, फरदड ठेवू नये, असं सगळेच सांगतात. ते बरोबरही आहे, कारण उन्हाळ्यापर्यंत उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीवरच अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. पण फरदडीचे शेवटचे वेचे म्हणजे कोरडवाहू घरात फेब्रुवारी-मार्चला येणारी थोडी रोकड. दादा ती सोडतो. बांधापलीकडचा सोडत नाही, आणि त्याच्या पऱ्हाटीवरची अळी पुढल्या वर्षी दादाच्या शेतात उतरते. म्हणजे एकानं नियम पाळायचे, रोकड बुडवायची आणि अळीही पदरात घ्यायची. अख्खं गाव एकदम पाळेल तरच यात काही अर्थ आहे. गाव एकदम कशानं पाळतं? भाषणानं पाळत नाही. पुढच्या बाजारात त्याचे पैसे मिळतात हे दिसलं की पाळतं.

आता पैशाकडे येते. खर्च कमी होतो यात वाद नाही. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठानं नागपूर आणि तेलंगणातल्या अदिलाबाद भागातल्या बेटर कॉटन शेतकऱ्यांचा २०१९ ते २०२२ या काळात अभ्यास केला. रासायनिक कीटकनाशकांवरचा त्यांचा खर्च इतरांच्या तुलनेत जवळपास तीन चतुर्थांशानं कमी निघाला. नागपूरच्या शेतकऱ्यांना भावही सुमारे १३ टक्के जास्त मिळाला. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला बरं वाटलं, मग कोडं पडलं. कारण बेटर कॉटनच्या पद्धतीत शेतकऱ्याला जादा भावाची हमीच नाही. २००९ साली सुरू झालेला आणि २०११ च्या सुमारास भारतात पहिलं पीक घेणारा हा जगातला सर्वांत मोठा शाश्वत कापूस कार्यक्रम. अभ्यासाच्या काळात तो शेतकऱ्याला प्रशिक्षण द्यायचा, परवाना द्यायचा, आणि कापूस चालू बाजारभावानं विकायला सांगायचा. मग हे १३ टक्के आले कुठून? माझा तर्क असा: एकत्र येऊन, स्वच्छ वेचून, थोडा वेगळा ठेवून विकलेल्या मालाला खरेदीदार जास्त मोजतो. परवान्याला मोजत नाही. तर्क चुकीचा असेल तर आपल्या खात्यातल्या अर्थतज्ज्ञांनी तो खोडावा, मला चालेल.

स्वच्छ वेचणी म्हणजे काय, हे मुंबईत बसून कळणं अवघड आहे, म्हणून सांगते. वेचणीची मजुरी किलोवर असते, अलीकडे किलोमागे दहा रुपयांच्या पुढेच. बाई कमरेला फडकं बांधून ओळीत शिरते. बोंडाच्या पाकळ्या वाळून कडक झालेल्या असतात, बोटं सोलवटतात. सकाळी दव असताना वेचलं तर कापूस ओला आणि वजनदार. दुपारी वेचलं तर कोरडा, पण वाळलेलं पान चुरून त्यात मिसळतं. पत्ती झटकत, कवडी (किडक्या बोंडातला कापूस) वेगळी काढत वेचलं तर संध्याकाळी तिच्या वजनात घट येते. म्हणजे जी बाई सर्वांत चांगला कापूस वेचते, तिला सर्वांत कमी मजुरी. शाश्वत शेतीच्या कुठल्याही माहितीपत्रकात मला हे वाक्य सापडलेलं नाही. वहिनी आपल्या मजूर बायकांना स्वच्छ वेचणीचे किलोमागे थोडे जास्त देऊन बघते. ते पैसे ती कुठून वसूल करणार, हा प्रश्न थेट जिनिंगच्या फाटकात जाऊन उभा राहतो.

त्या फाटकात काय होतं ते पाहा. ट्रॅक्टर काट्यावर चढतो. ग्रेडर ट्रॉलीत हात खुपसून मूठभर कापूस काढतो, धागा ताणून बघतो, ओलावा मोजायचं यंत्र आत घालतो. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पुरा हमीभाव, आठ ते बारा असेल तर कपात, बाराच्या वर असेल तर माल परत. लांबी, ओलावा, पत्ती, कवडी, बस. दादाच्या कुडत्याच्या खिशात ती नोंदवही असते. पतंगांचे आकडे, फवारण्यांच्या तारखा, वर्षभराचं सगळं तिच्यात. ती कुणी मागत नाही. मागून करायचं काय? मिनिटभरात ट्रॉलीचा पल्ला उघडतो आणि नोंदवहीतला कापूस बिननोंदवहीच्या कापसावर पडतो. त्यावर पुढचा ट्रॅक्टर रिकामा होतो.

आणि तरीही पुण्यातल्या मॉलमध्ये सदऱ्यावर शाश्वत कापसाचं हिरवं लेबल असतं. हे कसं, तर हिशेबानं. परवानाधारक शेतकऱ्यांकडून अमुक टन कापूस आला एवढं कागदावर जमा होतं आणि पुढे तेवढ्याच टनांच्या कापडावर तो दावा खर्ची घातला जातो. त्या सदऱ्यात तोच कापूस असेल असं नाही. वर्षानुवर्षं हीच पद्धत होती. खुद्द कापसाचा माग ठेवणारी व्यवस्था बेटर कॉटननं २०२३ च्या अखेरीस सुरू केली. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, नियम जाहीर आहेत. पण कागदी हिशेबात खऱ्या ढिगाची गरजच उरत नाही, आणि ढिगाची गरज उरली नाही की शेतकऱ्याची भाव मागायची जागाही उरत नाही.

कापूस वेगळा ठेवणं जमणार नाही, असं आपले अधिकारी सांगतील. इतक्या जिनिंग, इतके शेतकरी, इतका माल. त्यांना हिंगणघाटच्या इतिहासाची आठवण करून द्यावी. दीडशे वर्षांपूर्वी लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे कापसाचं नाव होतं. तसंच ‘उमरा’, म्हणजे आपल्या अमरावतीचा. गावाच्या नावावर भाव निघायचा. त्यात भेसळ होऊ लागली, तेव्हा इंग्रज सरकारनं १८६३ साली मुंबई इलाख्यात कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला. १९२३ साली हलक्या कापसाची चांगल्या कापसाच्या टापूत वाहतूक रोखणारा कायदा आला आणि १९२५ साली जिनिंग-प्रेसिंगचा, ज्यात प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक घालणं आलं. शेतकऱ्याच्या कल्याणासाठी यातलं काही नव्हतं. गिरण्यांना चांगला धागा हवा होता म्हणून होतं. पण गिरणीमालकाला हवं असेल तर रेल्वे आणि तारायंत्राच्या काळातही कापूस वेगळा ठेवता येत होता. आज प्रत्येक गाठीवर क्यूआर कोड लावता येतो आणि शेतकऱ्याला हवं असेल तर मात्र येत नाही, हे मला पटत नाही.

क्यूआर कोड मी उगाच म्हटला नाही. केंद्राच्या ‘कस्तुरी कॉटन भारत’ योजनेत गाठीवर कोड लागतो. चांगली गोष्ट आहे. पण ती खूण जिनिंगपासून पुढे जाते, मागे शेतापर्यंत येत नाही. म्हणजे नाव होतं ते कारखान्याचं. आपल्या राज्याच्या स्मार्ट प्रकल्पातला कापूस उपक्रम मला त्याहून जवळचा वाटतो: एक गाव, एक वाण. शेतकऱ्यांच्या गटानं एकच वाण लावायचं, सुती पिशवीत स्वच्छ वेचायचं, कापूस न विकता जिनिंगमधून त्याच्या गाठी करून घ्यायच्या आणि गाठी विकायच्या. एक क्विंटल कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. कापूस म्हणून विकला तर उतारा ३३ चा की ३५ चा हे व्यापारी ठरवतो. गाठी स्वतः करून घेतल्या तर रुई, सरकी, उतारा, सगळ्याचा हिशेब शेतकऱ्यांच्या हातात येतो. कल्पना उत्तम. पण प्रकल्पातली गावं मोजकी, आणि गाठी तयार होऊन विकल्या जाईपर्यंत थांबायची ताकद किती जणांकडे असते? कर्जाचा हप्ता आणि मुलीची फी लिलावाच्या तारखेपर्यंत थांबत नाहीत. दारात खेडा खरेदीवाला रोख घेऊन उभा असतो.

सेंद्रिय कापसाचं थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल बोललं फार जातं. सेंद्रिय प्रमाणपत्राला दोन-तीन वर्षांचं संक्रमण लागतं. त्या काळात उत्पादन घटतं आणि माल विकतो साध्या भावानं. शिवाय बीटी चालत नाही, आणि बिगरबीटी सरळ वाणाचं बियाणं दुकानात मागितलं तर दुकानदार आपल्याकडे बघत राहतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे, अकोला आणि परभणीच्या विद्यापीठांकडे देशी आणि सरळ वाणं आहेत. परभणीचं पीए २५५ घ्या किंवा अकोल्याचं रजत. ती घरी राखून पुन्हा पेरता येतात, दर साली ९०० रुपयांचं पाकीट घ्यावं लागत नाही. दुकानापर्यंत मात्र ती पोचत नाहीत. प्रमाणपत्राच्या कारभारावर बोलायचं तर २०२० साली जागतिक सेंद्रिय वस्त्र मानक संस्थेनंच जाहीर केलं की भारतातला २०,००० टन कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय ठरवला गेला होता. सेंद्रियचा जादा भाव कागद करणाऱ्यानं नेला आणि बदनामी खऱ्या सेंद्रिय शेतकऱ्याच्या वाट्याला आली. ढीग आणि कागद एकमेकांपासून सुटले की असंच होणार.

जिथं ते सुटले नाहीत अशी जागाही आमच्या वर्ध्यातच आहे. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयाच्या खादीत सेंद्रिय कापूस आणि नैसर्गिक रंग वापरतात. विनोबांनी १९३४ साली सुरू केलेलं ग्रामसेवा मंडळही गोपुरीत सूत-कापडाचं काम करत आलं आहे. तिथं कापूस कुणाचा हे विचारता येतं. व्याप लहान आहे, मान्य. चाळीस लाख हेक्टरच्या आसपास कापूस पेरणाऱ्या राज्याचा प्रश्न खादीनं सुटणार नाही, हेही मान्य. वेगळा ढीग लावला तर काय होतं ते तिथं बघता येतं, एवढंच.

आता पुण्याच्या ग्राहकाचा हिशेब. एका साध्या सुती सदऱ्याला, वाया जाणारं धरून, पाव किलोच्या आसपास रुई लागते. म्हणजे साधारण पाऊण किलो कापूस. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. त्या दरानं सदऱ्यातला कापूस सरकी धरून ५८ रुपयांचा. शेतकऱ्याला दहा टक्के जादा द्यायचे ठरवले तर सदऱ्यामागे सहा रुपयेसुद्धा होत नाहीत. दोन हजारांच्या सदऱ्याला हिरवं लेबल लावून कंपनी गिऱ्हाइकाकडून किती जास्त घेते ते आपणच बघा. त्यातले सहा रुपये हिंगणघाटपर्यंत येत नाहीत, कारण त्यांना यायला रस्ताच बांधलेला नाही.

शिवाय हमीभाव तरी पुरा मिळतो का? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकं आपली वेचणी सुरू होऊन माल बाजारात येण्याच्या दिवसांत. अमेरिकेच्या आयातकरानं अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला दिलासा हवा होता, हे कळतं. पण उद्योगाला दिलासा द्यायची वेळ आली की तो शेतकऱ्याच्या खळ्यातूनच का द्यावा लागतो, हे कळत नाही. खुला बाजार हमीभावाच्या खाली गेला आणि भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. त्या हंगामात त्याआधी मोबाइलवर नोंदणीही करावी लागली. हा निर्णय दिल्लीचा, आपला नाही, याची जाणीव आहे. मात्र अशा बाजारात नोंदवही राखणाऱ्या शेतकऱ्याला वेगळं काहीच मिळालं नाही तर तो पुढल्या वर्षी नोंदवही चुलीत घालील, आणि त्याला नावं ठेवायला मी जाणार नाही.

आपल्याकडून हवं ते फार मोठं नाही. बाजार समित्या आपल्या खात्याच्या अखत्यारीत आहेत, कापूस पणन महासंघ आहे, जिनिंगशी बोलणी करायची ताकद आहे. १९७२ साली याच राज्यानं एकाधिकार खरेदी सुरू करून अख्ख्या महाराष्ट्राचा कापूस स्वतः घेतला होता. ती योजना पुढे तोट्यात जाऊन मोडली. तिची आठवण काढली की वडीलधारी माणसं थकलेल्या चुकाऱ्यांबद्दल बोलतात, आणि ती परत आणा असं मी मुळीच म्हणणार नाही. सगळा कापूस सरकारनं घ्यावा असं मागणं नाहीच. मागणं आहे ते ढिगाचं. कापूस तालुक्यातल्या निदान एका जिनिंगमध्ये, आठवड्यातले ठरलेले वार फक्त नोंदणीकृत शाश्वत आणि सेंद्रिय गटांच्या कापसाला ठेवावेत. त्या दिवशी यार्ड झाडून घ्यावं, दुसरा माल आत घेऊ नये, आणि त्या गाठींवर गटाचं आणि गावाचं नाव जावं. नोंदवही फाटकात बघितली जावी आणि तिचा नंबर काटापट्टीवर यावा. हिरव्या लेबलाचा माल विकणाऱ्या कंपन्यांना सांगावं की गाठी इथं आहेत, बोली लावा. बोली हमीभावापेक्षा किती वर गेली, ते दर पंधरवड्याला समितीच्या फळ्यावर लिहावं. आणि गाठ विकली जाईपर्यंत शेतकऱ्याला मालाच्या पावतीवर उचल मिळावी. तारण योजना आपल्या पणन मंडळाकडे आहेच, ती या गाठींना जिनिंगच्या दारात लावता आली पाहिजे. नाही तर गाठीची वाट बघणं पुन्हा ज्याच्या घरात आधीच पैसा आहे त्यालाच परवडेल.

सेंद्रिय संक्रमणाच्या वर्षांचं काय करायचं, ते आपण कृषी खात्याशी बसून ठरवावं. डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशन विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठीच सुरू झालं होतं. त्यातले गट तयार आहेत, माल आहे, फक्त तो माल पुढे नेणारं कुणी नाही. बियाण्याचं कामही कृषी खात्याचंच. पण वेचणीच्या बायकांना किलोऐवजी स्वच्छतेवर मजुरी मिळण्याचा प्रश्न आपल्याच ढिगानं सुटेल. स्वच्छ कापसाचा भाव वेगळा दिसला की वहिनीला ते थोडे जास्त पैसे स्वतःच्या पदरचे द्यावे लागणार नाहीत.

सुरुवात एका तालुक्यापासून करा. हिंगणघाटपासून केलीत तर मला आनंद होईल, पण तो हट्ट नाही. विदर्भात वेचणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते आणि जिनिंगशी खरेदीचे करार त्याच्या आधीच होऊन जातात. म्हणून निर्णय पोळ्याच्या आत झाला पाहिजे. त्यानंतर घेतलेला निर्णय पुढच्या वर्षाच्या कापसासाठी असेल.

कळावे,

आपली विश्वासू,
वेल्हे (राजगड) तालुक्यातली एक भात उत्पादक,
माहेरची कापूसवाली